मामाने पारखलेली फटफटी

माझ्या आयुष्यातली पहिली फटफटी मी बैलबाजाराच्या कायद्याने विकत घेतली. हे ऐकून माझा नातू हसतो. पंख्याखाली खुर्चीत बसून, चकचकीत कागद चाळत गाडी पसंत करायची त्याला सवय. गाडीच्या तोंडात हात घालून दात चाचपणारा माणूस त्याने कुठे पाहिलाय? मी पाहिलाय. तो माझा सख्खा मामा होता, आणि त्याचा हात त्या दिवशी सकाळपर्यंत धड होता.

तेव्हा आम्ही सोलापुरात भवानी पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. डाव्या भिंतीपलीकडे नरसय्याचे हातमाग, उजव्या भिंतीपलीकडे त्याच्या भावाचे, आणि मधे आम्ही, जात्याच्या दोन पाळ्यांत सापडलेल्या दाण्यांसारखे. पहाटेपासून जे खटक्-खट, खटक्-खट सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. आमची आमटी त्याच ठेक्यावर उकळायची, आई भाकरी त्याच ठेक्यावर थापायची, आणि आमचं मांजर चालताना दर चौथ्या पावलाला थबकायचं, कारण नरसय्याच्या मागाचा चौथा ठोका चुकत असे. तुम्ही विश्वास ठेवू नका. मांजर आता साक्ष द्यायला नाही. त्या गोंगाटात आम्ही ढाराढूर झोपायचो. उलट माग भरदिवसा एकाएकी थांबले की आई हातातलं काम टाकून दारात यायची. पेठेत माग असे थांबले म्हणजे कुणीतरी गेलं, हे आम्हां पोरांनाही कळत होतं. गोंगाटाला मी जन्मात कधी भ्यालो नाही. भ्यालो ते आवाज बंद पडण्याला.

वडील, म्हणजे नाना, गिरणीच्या टाइम-ऑफिसात कारकून होते. भोंगा वाजायच्या आत सदरा अंगात, भोंगा संपायच्या आत चप्पल पायात. जन्मभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहून लिहून त्यांना स्वतःला कुठे जावंसंच वाटेनासं झालं होतं. त्यांच्या शेजारचं एक स्टूल रिकामं होणार होतं. ते माझ्यासाठी शब्द टाकून राखून ठेवल्याचं त्यांनी मला फार मायेने सांगितलं, आणि त्या रात्रीपासून ते स्टूल माझ्या स्वप्नात येऊ लागलं. चार पायांवर टकटक चालत माझ्या मागे मागे यायचं. अशात एका रंगाच्या व्यापाऱ्याने मला सांगितलं की खेडोपाडी विणकरांकडे रंगाचे नमुने घेऊन फिरणारा माणूस त्याला हवाय. "पण तंगड्या तुडवत जाणारा नको. बुडाखाली स्वतःची फटफटी असंल त्यानं यावं." मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की फटफटी तर आमच्या घरात पाळण्यापासून आहे. खरं म्हणजे एका डॉक्टरांची फटफटी मी दोनदा चालवली होती, आणि तिसऱ्यांदा त्यांनी चालवू दिली नव्हती.

पैशांचं म्हणाल तर आमच्या ऐपतीत नव्या गाडीचा फार तर भोंगा आला असता. जुनीच हवी, जुन्यातही मरायला टेकलेली हवी. हा निरोप वैरागला मामाकडे गेला आणि आठ दिवसांत मामा स्वतः दारात हजर झाला.

गणपतमामा वैरागच्या बाजारात बैलांचा दलाल होता. भिंतीपलीकडे बैल खोकला तर मामा अलीकडून त्याचं वय, गाव आणि मालकाचा स्वभाव सांगायचा, असं लोक म्हणत. लोक म्हणत ते मीच पसरवलेलं असे. पण खरंही कमी नव्हतं. दात, वशिंड, खूर, अंगावरचे भोवरे, शेपटाचा गोंडा, सगळं तो हाताने बघायचा. डोळे दुसरीकडेच, गिऱ्हाइकाच्या तोंडावर. मग खांद्यावरचा टॉवेल विकणाऱ्याच्या आणि आपल्या हातावर टाकायचा आणि टॉवेलाखाली बोटं बोटांशी बोलायची. तोंडातून भावाचा एक शब्द नाही. भोवती शंभर माणसं उभी, सगळ्यांना दिसतंय ते एक हलणारं फडकं. मामाची बोटं लांब, गाठाळ आणि विलक्षण हुशार होती. त्या बोटांवर माझ्या मामीचा संसार, दोन मुलींची लग्नं आणि आजोबांचं म्हातारपण पार पडलं होतं.

"आमच्या शिवेवर एका गावात रावजी म्हणून हाय," मामा जेवता जेवता म्हणाला. आईने दही-धपाटे केले होते आणि वर शेंगांची चटणी. "त्याच्या गोठ्यात फटफटी उबी हाय. पोरानं पुण्याहून आणली हुती, कुठल्या सायबाची. पोरगं गेलं. आता म्हातारा म्हंतोय, कुणीबी न्या."

आईचा हात वाढता वाढता थांबला. "गेलं म्हंजी? फटफटीवरनं?"

"न्हाय गं. तापानं. घरात, आंथरुणावर."

"मग कुणीबी न्या का म्हंतोय?"

"मी इचारीन की. बैल घेताना इचारतोच न्हवं? बाजाराचा नेम हाय आक्का, खोड इचारली की धन्याला सांगावीच लागती. न इचारल्याची सांगायची न्हाय, इचारल्याची लपवायची न्हाय."

आई मग माझ्याकडे वळली. ती मोठ्याने बोलणारी बाई. दोन मागांवरून तिचा आवाज पलीकडच्या आळीत जायचा. पण त्या दिवशी हळू बोलली. "दिगू, तुला गाडी मिळू दे न्हाय तर न मिळू दे. मला येकच भाऊ हाय. त्यो हितनं जसा चाललाय तसा धड माझ्याकडं आण." मी म्हटलं, "आणतो की." असल्या वेळी माणूस हेच म्हणतो.

निघताना आम्ही काय काय पाळलं ते सांगितलं तर तुम्हांला वाटेल हे मोटारसायकल घ्यायला निघालेत की मुंज लावायला. पाल चुकचुकली म्हणून थांबलो. नाना शिंकले म्हणून परत बसून गूळ खाल्ला. नाना दुसऱ्यांदा शिंकले तेव्हा आईने त्यांनाच आतल्या खोलीत घालून दार लावलं. बोळाच्या तोंडाशी एक बाई रिकामी घागर घेऊन येताना दिसली, तर मामाने तिला पदरचा पैसा देऊन माघारी पाठवली आणि ती भरून येईपर्यंत आम्ही नरसय्याच्या ओट्यावर बसलो. पेट्रोलचा डबा माझ्या मांडीवर. नरसय्या आपल्या तेलुगू हेलाच्या मराठीत म्हणाला, "आंत काय हाय ते? रॉकेल? वास लई वाईट येते." मी म्हटलं, "हा माझ्या भाग्याचा वास आहे." त्याने दोन बोटं नाकाला लावली आणि मागावर जाऊन बसला. सारांश, सगळ्या अपशकुनांना आम्ही बगल दिली. सर्व्हिस मोटारीत बसलो तेव्हा मामा समाधानाने म्हणाला, "आता काय बी वाकडं हुत न्हाय."

वैरागच्या अलीकडे उतरून आडवाटेने चालत गेलो. त्या दिवशी वैरागचा बाजार होता, सगळी वाट गुरांनी आणि बैलगाड्यांनी भरलेली, आणि आम्ही दोघेच उलट्या दिशेने. येणारा जाणारा मामाला रामराम घालून विचारायचा, "दलाल, बाजार सोडून कुनीकडं?" मामा नुसता हसायचा. गाव आलं तसे रामराम कमी झाले. रावजीच्या घराची वाट विचारली तर एकाने बोलून नाही, हनुवटीने दाखवली.

गोठा मोठा होता, सहा-सात जनावरांचा, पण सगळी जनावरं एका कडेला दाटीवाटीने बांधलेली आणि दुसऱ्या कडेला, रिकाम्या दावणीसमोर, ती एकटी उभी. काळी, लांबोडकी, पोट जमिनीला टेकल्यासारखी, दोन्ही मुठी मागे वळलेल्या, कान पाडलेल्या खोंडासारख्या. मी आजही शपथेवर सांगतो, आम्ही आत शिरलो तेव्हा तिने किंचित मान वळवली. पण मला त्याहून वाईट वाटल्या त्या दोन गोष्टी निराळ्याच. महिनोन् महिने पडून असलेल्या गाडीवर धुळीचा कण नव्हता. कुणीतरी ती रोज पुसत होतं, तेलाचा ओला हात फिरवत होतं. आणि तिच्या पुढ्यात, दावणीत, मूठभर ताजा कडबा टाकलेला होता.

"हे कुणी टाकलं?" मी विचारलं.

रावजी सत्तरीचा, वाळल्या तुराटीसारखा माणूस. त्याने कडब्याकडे पाहिलं, पायाने तो बाजूला सारला आणि म्हणाला, "बगा, काय बगायचं ते."

मामाने बघायला सुरुवात केली. दिव्याखालच्या फटीत दोन बोटं घालून चाचपलं. टाकीवरून तळवा फिरवला, कुठे पोचा लागतो का. चाकाच्या आऱ्या एकेक करून वाजवल्या. बसायच्या जागेखाली हात घालून तो बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला, आणि मला आपलं वाटत राहिलं की आता ही लाथ मारणार. मग तो मागे सरला, पागोटं नीट केलं आणि नेमाप्रमाणे, चारचौघांना ऐकू जाईल असं विचारू लागला. चारचौघे जमले होतेच, कुंपणापाशी, आत न येता.

"रावजी, मारकी हाय का?"

"न्हाय."

"कुनाला लोळीवलं?"

"न्हाय."

"वाटंत बसती का?"

"बसत न्हाय," तो म्हणाला. "कंदीच बसली न्हाय."

"बुजती?"

"न्हाय."

"घरच्यांवर काय उलाटलं हिच्यापायी?"

"हिच्यापायी न्हाय," रावजी म्हणाला आणि पडवीकडे बघू लागला. पडवीत त्याची बायको बसली होती, आणि तिच्यामागे अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीत आणखी कुणीतरी. मला फक्त एक पाऊल दिसलं, जोडवं नसलेलं.

मग चाचणी. सौदा होईतो आपला डबा उघडायचा नाही असा मामाचा हुकूम होता, म्हणून रावजीनेच कुठूनशी वाटीभर पेट्रोल आणलं. मी मागचं चाक टेकणीवर उचललं, पायडल मारले, आणि आठव्या-दहाव्या हिसक्याला ती जी बोंबलली! गोठ्यातल्या बैलांनी दावी तोडायचीच बाकी ठेवली. कुंपणापलीकडली माणसं दोन पावलं मागे गेली. म्हातारीने कानावर हात ठेवले. आणि दाराच्या फटीतलं ते पाऊल उंबऱ्याच्या बाहेर आलं. तेवढ्यात वाटीभर पेट्रोल संपलं, गाडी खोकली आणि आपोआप गप्प झाली. आम्ही तिला गप्प केलं नव्हतं. हा बारकावा आता मला कळतो. तेव्हा मी विजयी मुद्रेने कपाळावरचा घाम पुसत होतो.

टॉवेल पडला. मामाची बोटं आणि म्हाताऱ्याची बोटं खाली बराच वेळ गुरगुरली. रावजीचा चेहरा पडला, मामाचा हलला नाही, आणि टॉवेल निघाला तेव्हा फटफटी माझी झाली होती. म्हाताऱ्याला ती किती नकोशी झाली होती हे किमतीवरून कळलं. स्वस्त मिळाल्याचा आनंद आणि स्वस्त का मिळाली याचं भय, दोन्हींची चव सारखीच लागते. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी.

आता निघायचं, एवढ्यात म्हातारी उठली. "दावं ठेवून जावा."

बैलबाजाराचा हा आणखी एक नेम. जनावर विकलं तरी त्याचं दावं धनी देत नाही. दावं गेलं तर गोठ्याची बरकत त्याच्यामागे जाते. फटफटीला दावं कुठलं असणार? पण घरातून एक माणूस गेलं होतं, आता जे काय उरलंय ते जाऊ नये म्हणून म्हातारी अडून बसली, आणि तिचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. मामालाही ते पटलं. तो नेमाचा माणूस. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. मुठीला एक लहानसा खटका होता आणि त्याच्यापासून एक तार वळणं घेत खाली इंजिनाच्या पोटात गेली होती. ना ती चाकाला लागत होती, ना दिव्याला. मामाने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांच्या गाडीला अशी तार मला आठवत नव्हती. त्यांची गाडी नव्या तऱ्हेची होती, बटणावर बंद होणारी. मी खांदे उडवले. मामाने ती तार त्याच्या त्या हुशार बोटांनी दोन्हीकडून अलगद सोडवली, गुंडाळी केली आणि म्हातारीच्या ओंजळीत ठेवली. "हे घ्या तुमचं दावं. बरकत हितंच ऱ्हाऊ द्या."

तेव्हा ती बोलली. दाराच्या फटीतून, पुरती बाहेर न येता. "त्ये नगा काढू. तिच्याबिगर—"

"गप!" म्हातारी मागे न बघता कडाडली. "निगतानी तोंड उगडतीस? अवदसा!"

कुंपणापाशी कुजबुज झाली. मामाचा चेहरा उतरला. सकाळपासून पाल, शिंक, घागर सगळं सांभाळून आणलेला दिवस, आणि ऐन निघायच्या घडीला घरातली विधवा सून आडवी बोलली. मामा दुष्ट नव्हता. बैलाला कधी पराणी लावणारा माणूस नव्हे. पण त्याच्या लेखी तिने काय सांगितलं याला अर्थच नव्हता, ती बोलली एवढाच अर्थ होता. "चल दिगू," तो माझ्या कानाशी म्हणाला. "आता येक घडी हितं थांबायचं न्हाय. पाट फिरव." मी टाकीत डबा रिकामा केला. गाडी बाहेर ओढताना मी एकदा वळून पाहिलं. फटीतून एक हात बाहेर आला होता, मूठ हवेत काहीतरी ओढत होती, परत परत. म्हातारीने तो हात धरून आत घेतला.

टेकणीवर पायडल मारून नुसती चाचणी व्हायची; खरं निघायचं तर त्या गाडीला ढकलत पळायचं आणि ती फटफटली की उडी मारून वर बसायचं. मी पळालो, मामा पळाला, धोतराचा सोगा तोंडात, आणि गावच्या उतारावर तिने पेट घेतला. मी उडी मारली. मामाने मागच्या लोखंडी जाळीवर अशी उडी मारली की पन्नाशीच्या माणसाने मारू नये. आणि आम्ही निघालो. अहाहा! पहिला अर्धा मैल मी राजा होतो. वारा इतका की माझ्या मिशा, ज्या तोवर नीट आल्याही नव्हत्या, मागे कानाला लागल्या. मामा ओरडत होता, "हे बेणं येकदम खंबीर हाय रं!"

मग समोर पहिली बैलगाडी आली आणि मी वेग कमी करायला गेलो.

मुठीवरचा पेट्रोलचा दांडा मी मागे ओढला. दांडा मागे आला. खाली काही झालं नाही. त्याची तार आत कुठेतरी गंजून अडकून बसली होती आणि गाडी तशीच बोंबलत राहिली. ब्रेक दाबला. ब्रेक म्हणजे मागच्या चाकावर घासणारी, चामडं लावलेली लाकडी गुट्टी. तिचं चामडं गोठ्यातल्या उंदरांनी कधीच खाल्लं होतं, पुसणाऱ्या हाताला ते दिसलं नव्हतं. नुसतं लाकूड किंचाळलं. इंजिनातून निघालेला पट्टा थेट मागच्या चाकावर. मधे ना क्लच, ना गिअर. इंजिन चालू म्हणजे चाक चालू. आणि इंजिन बंद करायचं कसं? त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ती हवेत ओढणारी मूठ आली. ती आम्हांला दाखवत होती.

"थांबीव की रं!" मामा मागून म्हणाला.

"थांबत न्हाय!"

"म्हंजी?"

"बंदच होत न्हाय! ती तार!"

मी खाली वाकून पेट्रोलचा नळ पिरगळला, पण पोटात गेलेलं तिला अजून बरंच पुरणार होतं, आणि समोर वैराग होतं. बाजाराच्या दिवसाचं वैराग. एरवी मी हे सांगताना उडालेल्या कोंबड्या, झाडावर चढलेला तराळ, टोपलीसकट माझ्या मांडीत येऊन बसलेली वांगीवाली असं काय काय घालतो, आणि लोक पोट धरून हसतात. वांगीवाली नव्हती. होती ती गुरांची पाठमोरी रांग, गाड्यांच्या मागे बांधलेली वासरं, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, आणि बायकांच्या कडेवर पोरं. दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्यांची कुंपणं, वळायला जागा नाही. धूळ अशी की माणूस दिसायचा तो हाताच्या अंतरावर आल्यावर. मी ओरडत होतो. माझा आवाज त्या फटफटाटात मलाच ऐकू येत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी देवाजवळ आवाज बंद पडण्यासाठी नवस बोललो.

बुजलेला बैल सुटला तर दलाल काय करतो? पळत जाऊन वेसण धरतो. डोकं लावून नाही, हाताच्या सवयीने. मामाने तेच केलं. जाळीवरून तो खाली झुकला, मला फक्त त्याचं वजन एका बाजूला गेलेलं कळलं, आणि धावत्या पट्ट्याला त्याने उजव्या हाताने धरलं.

पट्टा निघाला. गाडी चार-पाच हात घसरत गेली आणि एका वासराच्या शेपटापाशी आडवी झाली. इंजिन एकट्याने आणखी थोडा वेळ ओरडलं आणि मग बंद पडलं. बाजाराच्या वाटेवर इतकं सामसूम मी कधी ऐकलं नव्हतं. वासराची आई हंबरली. मामा धुळीत बसला होता, टॉवेल उजव्या हाताला गुंडाळलेला, आणि टॉवेलाखाली काहीच हलत नव्हतं.

अंगठ्याजवळची दोन बोटं गेली.

दवाखान्यात हात बांधून घेऊन मी त्याला दारात आणलं तेव्हा आईने त्या पट्टीकडे पाहिलं आणि चूल पेटवली. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. तिने मामाला जेवायला बसवलं, भाकरी कुस्करून दुधात कालवली आणि त्याच्या डाव्या हातात चमचा दिला. आमच्या घरात चमचा औषधापुरता होता. पलीकडे माग चालू होते, आणि तिचे हात मात्र त्या ठेक्यावर चालत नव्हते.

गाडीचं काय झालं म्हणाल, तर सोलापुरातल्या एका मिस्त्रीने तिला दुसरी तार बसवली, अडकलेली मोकळी केली, ब्रेकला चामडं लावलं. चहा प्यायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. मला रंगवाल्याचं काम मिळालं. पेठेत बोभाटा झाला की गाडीत रावजीचा पोरगा आहे. मी तो बोभाटा मोडून काढला नाही, भुताच्या गोष्टीवर माणसाला कुठेही चहा मिळतो. मामाची जखम भरत आली होती. एक दिवस तो सोलापूरला आला आणि म्हणाला, "काड ती फटफटी. रावजीकडं जायचंय."

"सर्व्हिस मोटारीनं जाऊ, मामा."

"हिच्यावरच."

तो मागे बसला. डाव्या हाताने माझा खांदा असा धरला होता की चार दिवस वळ राहिला. रावजीच्या गावात शिरलो तशी माणसं दारात आली. गोठ्यापुढच्या अंगणात मी खटका ओढला आणि गाडी गप्प झाली. पण त्याआधीच, आवाज बोळाच्या तोंडाशी असतानाच, दार खाडकन उघडलं होतं आणि ती उंबऱ्याबाहेर पळत आली होती. आम्हांला बघून थांबली. मी तिला पहिल्यांदा पुरती पाहिली. माझ्याच वयाची असेल, नखांच्या कडांत तेलाचा काळेपणा अजून राहिलेला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं आणि मग जे विझलं, ते मी सांगत नाही. मला तेवढं वाढवून सांगता येत नाही.

म्हातारी पडवीतून म्हणाली, "आत हो."

मामा खाली उतरला. पागोटं काढून बगलेत घेतलं. भर अंगणात, सगळ्यांदेखत, तो तिच्याशी बोलला. "बाई, त्या दिशी तुमी काय सांगत हुता ते आमी ऐकलं न्हाय. आज सांगा."

"आता काय सांगायचं ऱ्हायलंय?" म्हातारी म्हणाली. "झालं ते झालं."

"तुमाला न्हाय इचारलं, आक्का. त्यांना इचारलं."

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तार वढली की ती गप हुती. येवढंच सांगत हुते. आमचं ह्ये दारात आलं की वढायचं." मग तिची नजर मामाच्या हाताकडे गेली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"आनि?" मामा म्हणाला.

"आनि काय?"

"आनिक काय सांगायचं आसंल तर सांगा. मी हाय हितं. घाई न्हाय मला."

गोठ्यात एक घुंगूर वाजला. मला वाटलं ती आत जाईल. पण ती उभी राहिली, आणि बोलली तेव्हा आवाज त्या दिवशीपेक्षा मोठा होता.

"मला करमाळ्याला जायचंय. आईकडं. लई दिवस सांगतीया. पन मी तोंड उगडलं की आपशकुन हुतो."

म्हातारी उठायला लागली. रावजीने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो मामाच्या हाताकडे बघत होता, उरलेल्या बोटांकडे. मग खांबाला धरून उठला, गोठ्यात गेला आणि स्वतः बैल सोडून आणले, गड्याला हाक न मारता. जू ठेवलं, गाडीत कडबा अंथरला, त्यावर घोंगडं. ती आत जाऊन एक गाठोडं घेऊन आली. म्हातारी खांबाआड तोंड करून उभी होती. सून तिच्या पाया पडली. गाडीत चढता चढता थांबली आणि म्हणाली,

"मामंजी, डाव्याच्या पायात काय तरी रुतलंय. बगा की."

म्हातारा तिथेच धुळीत गुडघ्यावर बसला आणि बैलाचा पाय त्याने मांडीवर घेतला.